दिवाळी अंक छापायला देताना: '३०० डीपीआय', 'टीआयसी', 'ब्लॅक ओव्हरप्रिंट' म्हणजे नक्की काय तपासायचं?

पानमांडणी यांचा प्रश्न

अंकाची मांडणी इनडिझाइनमध्ये चालू आहे. आकार क्राऊन १/४, कापून ७.२५ × ९.५ इंच. आतला मजकूर एकरंगी, १६० पानं, ७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) नॅचरल शेड मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला कागद. मध्ये १६ पानं चाररंगी, १३० जीएसएम आर्ट पेपर. मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्डवर, मॅट लॅमिनेशन. परफेक्ट बायंडिंग, म्हणजे पाठीला सरस लावून.

प्रेसकडून आलेली यादी अशी आहे: सगळे फोटो ३०० डीपीआय, सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शाया), टीआयसी ३०० च्या खाली, ब्लॅक टेक्स्ट ओव्हरप्रिंट, ब्लीड ३ मिमी, पीडीएफ एक्स-वन-ए, फॉन्ट कर्व्ह करून.

अडचणी:

१. लेखकांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले आहेत. फोटोशॉपमध्ये ७२ डीपीआय दाखवतं. आकडा बदलून ३०० केला तर चालेल का?

२. हास्यचित्रं आणि कथाचित्रं ग्रेस्केलमध्ये ३०० वर स्कॅन केली आहेत. लेझर प्रिंटवर ठीक दिसतात. प्रेसवाले म्हणतात रेषा 'जाळीत जाईल'. म्हणजे काय?

३. एका लेखासाठी जुन्या छापील अंकांमधले फोटो घ्यायचे आहेत. स्कॅन केल्यावर त्यांच्यावर चौकड्यांची नक्षी उमटते.

४. यादीतले टीआयसीपासून पुढचे शब्द कुणी नीट उलगडून सांगेल का?

---

सीटीपी_टेबल

आधी पहिला प्रश्न, कारण इथे एकाच 'डीपीआय' शब्दाखाली तीन वेगळी मापं दडली आहेत.

पीपीआय हे चित्राचं माप आहे: छापील आकारात एका इंचात किती पिक्सेल बसले. डीपीआय हे यंत्राचं माप: प्लेटवर लेझर एका इंचात किती ठिपके पाडू शकतो. सीटीपीवर, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट करणाऱ्या यंत्रावर, ते साधारण २४०० किंवा २५४० असतं. एलपीआय हे स्क्रीनचं, म्हणजे जाळीचं माप: एका इंचात हाफटोनच्या टिंबांच्या किती ओळी. वर्तमानपत्राच्या कागदावर ८५ ते १००, मॅपलिथोवर १३३ पर्यंत, आर्ट पेपरवर १५० ते १७५.

तिघांचं नातं असं. ऑफसेट यंत्राला करडी शाई नसते, काळी शाई एक तर लागते किंवा लागत नाही. छटा दाखवायची तर लहानमोठी टिंबं लागतात आणि ते प्रत्येक टिंब यंत्राच्या बारक्या ठिपक्यांनी बनतं. २४०० ला १५० ने भागलं की १६ येतात. म्हणजे एका टिंबाच्या घरात १६ × १६ = २५६ ठिपके, त्यामुळे कोऱ्या कागदासकट २५७ छटा. त्या टिंबाला किती काळं करायचं हे ठरवायला चित्रातले पिक्सेल लागतात. चांगल्या छपाईसाठी एलपीआयच्या दुप्पट पीपीआय आणि भागवून घ्यायचं तर दीडपट, हा नियम तिथून आला. १५० ची दुप्पट ३००. प्रेस सरसकट ३०० मागते ते यामुळे. तुमच्या एकरंगी पानांवर जाळी १३३ ची असेल तर २०० ते २६६ पुरतात.

आता तुमचा ७२. तो फाइलमध्ये लिहिलेला नुसता एक आकडा आहे, त्यावर काही अवलंबून नाही. पिक्सेल किती आहेत ते बघा. इमेज साइजच्या खिडकीत 'रीसॅम्पल' (पिक्सेलची संख्या बदलणं) ची खूण काढून मग ३०० लिहा. ४००० × ३००० चा फोटो ७२ वर ५५ इंच रुंद दिसतो, तोच ३०० वर १३.३ × १० इंच होतो. पिक्सेल तेवढेच राहतात आणि हे बरोबर आहे. 'रीसॅम्पल' ची खूण ठेवून ७२ चे ३०० केले तर फाइल सतरा पटींहून मोठी होते, पण नवा तपशील एक कणही येत नाही. प्रेसच्या प्रीफ्लाइटमधून, म्हणजे छपाईपूर्वीच्या फाइल-तपासणीतून, असा फोटो सहज पार होतो, कारण तिथे फक्त आकडा तपासला जातो. छापल्यावर चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास येतो. ३०० च्या हिशेबाने ५.३ इंच, २०० च्या हिशेबाने ८ इंच. लेखकाचा दोन इंची परिचय-फोटो असेल तर भरपूर आहे. आर्ट पेपरवर पानभर लावायचा असेल तर पुरत नाही. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवा, म्हणजे मूळ फाइल येते.

इनडिझाइनच्या लिंक्स पॅनलमध्ये 'ॲक्च्युअल' आणि 'इफेक्टिव्ह' असे दोन पीपीआय दिसतात. कामाचा फक्त इफेक्टिव्ह. ३०० चा फोटो पानावर ताणून दुप्पट केला की तो १५० चा झाला.

आणखी एक, यादीत नसलेलं. एकरंगी फोटो मॅपलिथोवर स्क्रीनपेक्षा बरेच गडद येतात. शाई कागदात शिरते, टिंब फुगतं. यालाच डॉट गेन म्हणतात. फोटोशॉपमध्ये ग्रेची मूळ सेटिंग बहुधा डॉट गेन २०% असते. 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' मधून २५% घ्या, मधल्या छटा चार-पाच टक्क्यांनी उतरतात. 'असाइन' वापरू नका, त्याने फाइलमधले आकडे तसेच राहतात, फक्त स्क्रीनवरचं रूप बदलतं. मग सर्वांत गडद जागा ९० टक्क्यांच्या पुढे जाणार नाही असं लेव्हल्समधून बांधा. काळे केस आणि काळा कोट यांच्यातला फरक तेवढ्यानेच वाचतो.

---

रेषा_आणि_जाळी

दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्याकडे.

'जाळीत जाईल' हे प्रेसवाल्यांनी अगदी नेमकं सांगितलं आहे. ग्रेस्केल चित्रातली प्रत्येक करडी छटा हाफटोनच्या टिंबांत मोडली जाते. शाईच्या रेषेची कड स्कॅनमध्ये शंभर टक्के काळी नसते, काठावर ४०, ६०, ८० टक्के असे पिक्सेल येतात. प्लेटवर त्यांची टिंबं होतात आणि धारदार रेषा करवतीसारखी दिसते. शिवाय कागदाचा पांढरा रंग स्कॅनमध्ये ३-४ टक्के राखाडी येतो, त्यामुळे चित्रामागे धुळीसारखा चौकोन उमटतो. हास्यचित्राचं सगळं बळ रेषेत असतं. ते असं वाया घालवू नका.

रेषाचित्र १-बिट हवं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा. अशा चित्राला जाळी लागतच नाही, रेषा सरळ प्लेटवर जाते. मात्र कडा मऊ करायला करडे पिक्सेल नसल्यामुळे रेझोल्यूशन जास्त लागतं: छापील आकारात १२०० पीपीआय, निदान ६००. २४०० च्या प्लेटवर १२०० चा एक पिक्सेल म्हणजे २ × २ ठिपके, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

रीत अशी:

मूळ चित्र ग्रेस्केलमध्येच ६०० वर स्कॅन करा. स्कॅनरचं 'ब्लॅक अँड व्हाइट' बटण दाबू नका, ते कुठे काय कापेल याचा नेम नाही. फोटोशॉपमध्ये रीसॅम्पल करून १२०० करा. फोटोला जे करू नये ते इथे करायचं आहे, कारण करड्या काठावरून रेषेची खरी कड शोधायला ते उपयोगी पडतं. लेव्हल्सने कागद पांढरा आणि शाई काळी करा. मग मोड, बिटमॅप, '५०% थ्रेशोल्ड'. बारीक रेषा तुटत असतील तर मागे जाऊन लेव्हल्समधला मधला दांडा उजवीकडे न्या, म्हणजे चित्र गडद होईल, पुन्हा बघा. टिफ म्हणून साठवा, सीसीआयटीटी ग्रुप ४ कॉम्प्रेशनसह. पानभर चित्राची फाइल दाबण्याआधी सुमारे १२ एमबी असते, नंतर त्याच्या लहानशा अंशावर येते. जेपेगमध्ये १-बिट मावतच नाही, म्हणून चित्रकाराने जेपेग पाठवलं असेल तर ते आपोआप ग्रे झालेलं असतं.

पीडीएफ काढताना 'मोनोक्रोम इमेजेस' चा वेगळा रकाना असतो. तिथे १२०० च असू द्या. वरच्या रकान्यातला ३०० कुणी खालीही लिहिला की केलेलं सगळं वाया.

पेन्सिल, जलरंग, वॉश असेल तर मात्र ते रेषाचित्र धरू नका. ते ग्रेस्केलच ठेवा, ३०० वर.

आता जुन्या छापील फोटोंवरची नक्षी. तिला मॉरे म्हणतात. मूळ छपाईत एक जाळी आहेच, तुमच्या स्कॅनची पिक्सेलची जाळी तिच्यावर पडली आणि आता प्लेटची तिसरी पडणार. दोन जाळ्या जवळजवळ सारख्या पण किंचित वेगळ्या असल्या की नक्षी उमटते. चाररंगी छपाईत प्लेटांचे कोन म्हणूनच ठरलेले असतात: सायन १५, काळा ४५, मॅजेंटा ७५, पिवळा ० अंश. पिवळ्याला शेजाऱ्यापासून फक्त १५ अंशांचं अंतर मिळतं, पण तो फिका असल्याने नक्षी डोळ्यांत येत नाही.

उपाय: फोटो स्कॅन करा लागणाऱ्या ३०० च्या दुप्पट रेझोल्यूशनवर, म्हणजे ६००. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीस्क्रीन' (जुनी जाळी पुसण्याची सोय) असेल तर मासिकासाठी १३३ किंवा १५०, वर्तमानपत्रासाठी ८५ निवडा. नसेल तर गॉशियन ब्लरची त्रिज्या हळूहळू वाढवा, टिंबं नुकतीच विरली की थांबा. मग ३०० वर आणा, मग अनशार्प मास्क. क्रम उलटा केला, आधी शार्प केलं, तर टिंबंच धारदार होतात.

खिळा-छपाईच्या काळातल्या ब्लॉकची जाळी फार जाड असेल, साध्या डोळ्यांनी टिंबं मोजता येत असतील, तर दुसरा मार्ग आहे. तो फोटो १२०० वर स्कॅन करून १-बिट करा आणि त्याच आकारात छापा, लहानमोठा अजिबात करू नका. जुनी टिंबं जशीच्या तशी येतात. जुन्या अंकाबद्दलच्या लेखात ते रूप शोभूनही दिसतं.

---

काळी_शाई

चौथा प्रश्न. यादीत सर्वांत महत्त्वाचं वाक्य 'ब्लॅक टेक्स्ट ओव्हरप्रिंट' हे आहे.

कोणताही रंग दुसऱ्या रंगावर ठेवला की सॉफ्टवेअर साधारणपणे खालचा रंग तेवढ्या आकारात कापून काढतं. त्याला नॉकआउट म्हणतात. फिक्या पिवळ्या पट्टीवर काळा मजकूर असेल तर पिवळ्या प्लेटवर त्या अक्षरांच्या पांढऱ्या खाचा पडतात. यंत्रावर कागद केसभर सरकला, म्हणजे रजिस्ट्रेशन हललं, की अक्षरांना पांढरी किनार येते. रोमनपेक्षा देवनागरीत हे जास्त टोचतं, कारण अनुस्वार, रफार, पाऊण मिलिमीटरचे पाय असलेली जोडाक्षरं. ओव्हरप्रिंट म्हणजे खाच न पाडता काळी शाई सरळ वरून मारायची. काळी शाई बाकीच्यांना झाकते, त्यामुळे चालतं.

इनडिझाइनमध्ये [ब्लॅक] हा स्वॉच (साठवलेला रंग) १०० टक्के असताना आपोआप ओव्हरप्रिंट होतो. घात होतो तो वर्डमधून आणलेल्या मजकुरात. तिथला काळा आरजीबीमधला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीतला, असतो आणि स्वॉच पॅनलमध्ये 'वर्ड_आर०_जी०_बी०' अशा नावाने येऊन बसतो. सीएमवायकेत जाताना त्याचे चारही रंग होतात आणि ९ पॉइंटचा मजकूर चार प्लेटांवर विभागला जातो. तो स्वॉच पुसा, बदली म्हणून [ब्लॅक] निवडा.

तपासणी एका मिनिटाची आहे. पीडीएफ ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडा, 'आउटपुट प्रीव्ह्यू' घ्या, ब्लॅकवरची खूण काढा. सगळा मजकूर पानावरून नाहीसा झाला पाहिजे. जो उरला तो चाररंगी आहे.

याच्या उलट चूक पांढऱ्या अक्षरांची. आधी काळी असलेली, ओव्हरप्रिंट लावलेली अक्षरं नंतर पांढरी केली आणि ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली, तर ती छापत नाहीत. पांढरा म्हणजे शाई नाही, आणि शाई नसलेली गोष्ट कशावर मारणार? साध्या स्क्रीनवर ती छान दिसत राहतात. 'ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू' चालू केल्यावरच गायब होतात. जाहिरातदारांकडून कोरलड्रॉमधून आलेल्या फाइली याच कारणासाठी एकेक करून तपासा.

मुखपृष्ठावरचं मोठं काळं नाव मात्र नुसत्या १०० टक्के काळ्यात ओव्हरप्रिंट ठेवू नका. अक्षराचा अर्धा भाग फोटोवर आणि अर्धा पांढऱ्यावर असेल तर दोन वेगळे काळे दिसतात. तिथे रिच ब्लॅक वापरा: सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००. बेरीज २४०. हे मोठ्या अक्षरांपुरतंच, २० पॉइंटच्या खाली नको.

ही बेरीज म्हणजेच टीआयसी, काहीजण टीएसी म्हणतात: एका जागी चारही शाया मिळून किती टक्के. चारही पूर्ण धरल्या तर ४००. इतकी शाई वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला लागते, त्याला सेट-ऑफ म्हणतात, आणि लॅमिनेशनही नीट धरत नाही. आर्ट पेपरला ३०० ते ३३०, वर्तमानपत्राच्या कागदाला २४० ही रूढ मर्यादा. मर्यादा हाताने पाळायची नसते. सीएमवायके करताना निवडलेला प्रोफाइल, म्हणजे त्या कागदासाठीची रंगांची मापं असलेली फाइल, ती पाळतो. आर्ट पेपरसाठी फोगरा ३९ या छपाई-प्रमाणावर आधारलेला ३०० टक्क्यांचा प्रोफाइल मिळतो. प्रेस कोणता वापरते ते विचारून तोच घ्या. आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये 'टोटल एरिया कव्हरेज' ला ३०० लिहिलं की ओलांडणाऱ्या जागा रंगून दिसतात.

आणि 'रजिस्ट्रेशन' नावाचा स्वॉच फक्त कापण्याच्या खुणांसाठी आहे. काळा दिसतो म्हणून कुणीतरी तो चौकटीला लावतं, मग तिथे ४०० टक्के.

स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेत जांभळा पडतो. सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० च्या आत ठेवा. भगवा मॅजेंटा ६०, पिवळा १०० च्या आसपास येतो, आकाशकंदिलाचा उजळ नारिंगी मिळत नाही. जाहिरातदाराला हे प्रूफवर आधीच दाखवा.

---

पानमांडणी

ब्लॅकची खूण काढून बघितली. ११ पानांवर मजकूर उरला, सगळीकडे वर्डचा तोच स्वॉच होता. बदलला.

फॉन्टचं काय? अर्धा मजकूर श्रीलिपीत आहे, अर्धा युनिकोडमध्ये. प्रेस 'कर्व्ह' म्हणते, पण कर्व्ह केल्यावर काही ठिकाणी शिरोरेषेत पांढरे ठिपके दिसतात.

---

अक्षरजुळणी

ठिपक्यांचं कारण: देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा थोड्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, म्हणजे रेषा सलग दिसते. कर्व्ह करताना, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवताना, सगळ्या आकृत्या एकत्र जोडल्या गेल्या की काही सॉफ्टवेअर चढलेला भाग 'भोक' समजतात. वेलांटी शिरोरेषेला मिळते तिथेही तेच.

म्हणून आतल्या पानांना कर्व्ह करू नका. इनडिझाइनमधून काढलेल्या पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवला जातो. ॲक्रोबॅटमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स इथे प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असेल तर प्रेसच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. 'कर्व्ह करा' ही सूचना कोरलच्या उघड्या फाइली पाठवण्याच्या सवयीतून आली आहे. मुखपृष्ठावरचं सुलेखन तेवढं कर्व्ह करा, आणि ते वेल्ड करून एकसंध आकृती बनवा.

श्रीलिपीचे जुने फॉन्ट छपाईला चालतात. ते रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतात, त्यामुळे पीडीएफमध्ये शोध लागत नाही आणि मजकूर उचलता येत नाही, एवढंच. अंकाची डिजिटल आवृत्ती काढायची असेल तर आत्ताच युनिकोडमध्ये बदला. बदलल्यानंतर पुन्हा मुद्रितशोधन करावंच लागतं. रफार, ऱ्य, क्ष-ज्ञ आणि अवतरणचिन्हं इथे रूपांतर हमखास चुकतं.

युनिकोड मजकुराला परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडलेला हवा. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर, उजवीकडे पडते, जोडाक्षरं हलन्त देऊन सुटी होतात. कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषाही मराठी ठेवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाचे.

---

सीटीपी_टेबल

पीडीएफचा एक्स-वन-ए हा प्रकार राहिला. त्यात सगळं सीएमवायके किंवा स्पॉट रंगात (वेगळी तयार शाई) असावं लागतं, फॉन्ट आत बसवलेले आणि पारदर्शकता सपाट केलेली. सावल्या, फेदर असलेल्या पानांवर सपाट करताना मजकुराचा तुकडा कधी चित्रात मिसळतो आणि तेवढीच अक्षरं जाड दिसतात. मजकूर सावलीच्या वरच्या लेयरवर ठेवला की हे टळतं. प्रेसचं आरआयपी, म्हणजे पीडीएफचे प्लेटसाठी ठिपके करणारं सॉफ्टवेअर, नवं असेल तर एक्स-४ घेता येईल का विचारा, त्यात पारदर्शकता तशीच राहते.

'हेअरलाइन' जाडीची रेघ कुठे असेल तर काढा. ती यंत्राचा एक ठिपका घेते: ६०० च्या लेझर प्रिंटरवर ०.०४ मिमी, २४०० च्या प्लेटवर ०.०१ मिमी. कार्यालयातल्या प्रिंटवर दिसलेली चौकट छापील अंकात नसते. ०.२५ पॉइंटच्या खाली जाऊ नका, काळ्यात पांढरी रेघ असेल तर ०.५.

---

फर्मा_घडी

बायंडिंगचं थोडक्यात.

प्रेसशी बोलताना 'पानं' म्हणू नका, 'पृष्ठं' म्हणा. तुमची १६० पृष्ठं म्हणजे ८० पानं. या एका शब्दामुळे कागदाचा अंदाज दुप्पट किंवा निम्मा होतो. २० × ३० इंची कागदावर क्राऊन १/४ ची १६ पृष्ठं बसतात, तो एक फर्मा. तुमचे १० फर्मे एकरंगी, १ चाररंगी. १००० प्रतींना मॅपलिथोचे १०,००० ताव, म्हणजे ५०० चे २० रीम, शिवाय वाया जाणारा कागद वेगळा.

रंगीत फर्मा दोन फर्म्यांच्या मध्येच येऊ शकतो: १६, ३२, ४८ अशा पृष्ठांनंतर. जाहिरातदाराला 'मधलं पान' कबूल करण्याआधी हे मोजा. ८० पृष्ठांनंतर बसवला तर बरोबर मध्ये येतो.

परफेक्ट बायंडिंगला पाठीकडून सुमारे ३ मिमी खरवडलं जातं आणि अंक पूर्ण सपाट उघडत नाही. आतला समास निदान १५ मिमी ठेवा. दोन पृष्ठांवर पसरलेल्या फोटोत चेहरा मध्यावर नको. ब्लीड, म्हणजे कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राचा कापला जाणारा भाग, ३ मिमी बाहेर, तसा मजकूर कापण्याच्या रेषेपासून निदान ५ मिमी आत.

पाठीची जाडी हिशेबाने ८ मिमीच्या आसपास येईल, पण त्या आकड्यावर मुखपृष्ठ करू नका. नेमक्या त्याच कागदांची कोरी डमी बायंडरकडून बांधून घ्या, कॅलिपरने मोजा आणि मग पाठीवरचं नाव मांडा.